नोंद आढळली नाही

अठ्ठावीस जानेवारी, मंगळवार. मृत्यू-नोंदणी कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीत बाइंडरकाकांनी दोनशे चाळीस रुपये भरले. शोध फी, बारा वर्षांची, दर वर्षाला वीस रुपये. याआधीच्या चार खेपांत एकतीस वर्षं शोधून झाली होती आणि प्रत्येक खेपेला निळ्या शाईत एकच शिक्का मारलेला कागद हातात पडला होता : 'नोंद आढळली नाही.'

"आता आणखी बारा?" रेकॉर्डकीपरांनी पावती फाडत विचारलं. "अहो, एवढे पैसे खर्चून लोक जिवंत माणसांनाही शोधत नाहीत."

"जिवंत माणसांचं सोपं असतं हो, साहेब. दारावरची घंटा वाजवली की झालं. खरी पंचाईत मेलेल्यांची."

रेकॉर्डकीपर हसले नाहीत. ऑफिसच्या वेळेत ते हसत नसत. त्यांनी चोवीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढायला शिडी ओढली.

बाइंडरकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं गल्लीत कुणीच उरलं नव्हतं. चाळीस वर्षं एकाच खोलीत त्यांनी पुस्तकं बांधली. दाराशी दाबाचं लोखंडी यंत्र, त्याचं चाक हातांनी घासून घासून आरशासारखं झालेलं. भिंतीला टेकलेले पुठ्ठे, कोपऱ्यात खळीचं पातेलं, आणि सगळीकडे ओल्या कागदाचा वास. दुमडलेलं पान दिसलं की ते सरळ केल्याशिवाय काकांना चैन पडत नसे. एकदा दवाखान्यात नाडी तपासून घेताना दुसऱ्या हाताने त्यांनी टेबलावरच्या मासिकाची निसटलेली पिन बसवली. डॉक्टर म्हणाले, "तब्येत ठणठणीत आहे, पुढचा पेशंट."

पण आता काका बासष्ट वर्षांचे होते. सुईत दोरा ओवायला बायको लागायची, आणि ती दर वेळी ऐकवायची, "दुकानाचे मालक तुम्ही, पण डोळे माझे." फेब्रुवारीअखेर दुकान बंद करायचं ठरलं होतं. दाबयंत्राचं गिऱ्हाईक बघून झालं होतं, इसार घेतला होता. बांधायचं राहिलं होतं एकच पुस्तक, आणि ते घरचं होतं.

मुलगी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने दोन वर्षं खपून घराण्याची माहिती जमवली होती. ब्याण्णव माणसं, प्रत्येकाला एक पान. जन्म, काम, एखादी आठवण, आणि जे गेले त्यांची मृत्यूची तारीख. एक्याण्णव पानं पुरी झाली होती. अडलं होतं ते काकांच्या आत्याच्या पानाशी.

"बाबा, जागा कोरी सोडू या," मुलगी म्हणाली. "चालतं तेवढं."

"तुझ्या रिपोर्टात चालतं का कोरं सोडलेलं? मग माझ्या पुस्तकातही चालत नाही."

हे झालं सांगण्यापुरतं कारण. खरं कारण पंचावन्न वर्षं जुनं होतं.

काका तेव्हा सात वर्षांचे होते आणि आत्या चोवीस वर्षांची. ती टेलिफोन ऑफिसात कामाला जायची. भाच्याला वह्यांचे कोपरे चावायची खोड होती, म्हणून ती त्याला 'उंदऱ्या' म्हणायची. कुरतडलेल्या वह्यांना खाकी कव्हरं तीच घालायची आणि वर नाव लिहायची. तिचा 'ळ' जगात कुणाचा नव्हता. बुटाच्या नाडीची गाठ मारावी तसे दोन फुगीर फास आणि खाली लोंबती शेपटी. एका सकाळी तिने भाच्याचा पत्र्याचा गल्ला उपडा केला. "सव्वा रुपया घेतेय, उंदऱ्या, बसभाड्याला. आल्यावर देते," म्हणाली आणि गेली. त्याच संध्याकाळी आजोबांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, की ती मेली. तिचं नाव या घरात पुन्हा निघता कामा नये.

निघालं नाही. पोराने आईला विचारलं, आईने ओठांवर बोट ठेवलं. बापाला विचारलं, तो उठून अंगणात गेला. पुढे शाळेत कळलं, की आत्या कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याबरोबर निघून गेली होती. म्हणजे आधी निघून गेली आणि मग मेली, असा हिशेब पोराने मनाशी जुळवला. पण कशाने मेली, कुठे मेली? माणूस गेलं तर निदान कसं गेलं एवढं तरी सांगतात. ते एक वाक्य काकांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगू शकणारी सगळी माणसं एव्हाना स्वतःच रजिस्टरात जाऊन बसली होती.

रेडिओवाल्याचं आडनाव तेवढं त्यांना आठवत होतं, कारण दुकानाच्या पाटीवर ते तिरप्या अक्षरांत रंगवलेलं होतं. त्या आडनावावर शोध चालू होता.

खिडकीशेजारच्या लाकडी बाकावर काका बसले. आत रेकॉर्डकीपर एकेक रजिस्टर उतरवत, शेवटच्या सूचीवरून बोट फिरवत आणि मान हलवत. दहा रजिस्टरं झाली. अकरावं उघडलं आणि बोट थांबलं.

"आडनाव आहे. पण बाई नाही, पुरुष. वय सत्तर. व्यवसाय, रेडिओ दुरुस्ती."

काका बाकावरून उठले. "तोच. आत्याचा नवरा."

"चौदा वर्षांपूर्वी वारले. पण तुमचा अर्ज बाईंच्या नोंदीचा आहे. यांची नक्कल हवी तर वेगळा अर्ज, वेगळी फी." रेकॉर्डकीपर रजिस्टर मिटायला लागले, तेवढ्यात त्यातलं एक पान बोटभर बाहेर सरकलं.

काकांना ते बघवेना. "साहेब, थांबा! फर्मा सुटलाय, पानांची शिवण उसवलीय. असंच मिटलंत तर पानाची कड चुरगळेल." आणि नियम वगैरे ध्यानात यायच्या आत त्यांचा हात खिडकीतून आत गेला होता.

"हात बाहेर, बाइंडर!"

"एक मिनिट. ही शिवण माझी नाही, आधीच सांगतो. माझी असती तर सुटली नसती." त्यांनी पान दोन बोटांनी अलगद आत सारलं, तळव्याने सपाट केलं, आणि तळवा पानाच्या उजव्या कडेपर्यंत जाऊन तिथेच थबकला.

उजवीकडचा शेवटचा रकाना कुणी वाचत नाही. 'खबर देणाऱ्याचे नाव, मयताशी नाते व सही.' तिथे लिहिलं होतं 'पत्नी', आणि खाली सही होती. सहीच्या मधोमध दोन फुगीर फास आणि लोंबती शेपटी असलेला 'ळ' बसला होता.

काकांनी त्या सहीवर बोट टेकवलं. ते म्हणाले, "साहेब, ही बाई पंचावन्न वर्षांपूर्वी मेली."

रेकॉर्डकीपरांनी चष्मा वर करून सही पाहिली, खाली करून पुन्हा पाहिली. "शक्य नाही. मेलेल्या माणसाकडून आम्ही खबर घेत नाही."

"पण आजोबा म्हणाले होते..."

"काय म्हणाले होते? नेमके शब्द सांगा. इथे अंदाजपंचे चालत नाही."

काकांनी डोळे मिटले. आजोबांची खुर्ची, टेबलावर ठेवलेली चष्म्याची डबी, आणि टेबलाखाली बसून ऐकणारा एक पोरगा. आजोबांचा आवाज तसाच्या तसा आला. "आजपासून ती आम्हाला मेली."

"आम्हाला मेली," काका हळूच म्हणाले.

"मग बरोबर आहे," रेकॉर्डकीपर म्हणाले. "ती नोंद आमच्याकडे होत नाही."

सात वर्षांच्या पोराला 'मेली' कळलं होतं. 'आम्हाला' कळायचं त्याचं वय नव्हतं, आणि पुढे घरात कुणी ते वाक्य पुन्हा उच्चारलंच नाही. तेव्हा मधला शब्द जो गळाला तो गळालाच.

बाराव्या वर्षाची फी भरलेली होती, म्हणून रेकॉर्डकीपरांनी बारावं रजिस्टरही शिस्तीत पाहिलं आणि शिक्का मारला. नोंद आढळली नाही. "आता पुढची तेरा वर्षं उरली, चालू धरून. बघू? दोनशे साठ होतील."

काकांनी नवऱ्याच्या नोंदीतला पत्ता पावतीच्या मागे लिहून घेतला होता. "नको," ते म्हणाले. "आता घंटाच वाजवतो."

त्या दिवशी रेकॉर्डकीपर ऑफिसच्या वेळेत हसले.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "धन्य आहे! एक शब्द गाळलात आणि चांगल्या धडधाकट बाईला पंचावन्न वर्षं मारून ठेवलंत!" मग तिचा आवाज खाली आला. "पण अहो, पत्ता चौदा वर्षांपूर्वीचा आहे. एकोणऐंशीच्या असतील त्या आता. जरा मन घट्ट करून चला."

काकांनी ते केव्हाच केलं होतं. म्हणूनच रात्रभर त्यांना झोप नव्हती.

पत्त्यावरची इमारत जुनी होती, जिने तीन. काका मधे दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा बायकोला म्हणाले, "तुला दम लागला असेल." तिसऱ्या मजल्यावर एका दाराला तेच आडनाव होतं. त्यांनी घंटा वाजवली. बराच वेळ काही नाही. मग पावलं वाजली आणि दार साखळीपुरतं उघडलं.

"मला काही विकत घ्यायचं नाही," आतून आवाज आला.

"आम्ही विकायला नाही आलो. मी... तुमचा..." काकांना काय करावं ते सुचेना, तेव्हा हात आपोआप सवयीच्या कामाला लागला. दारावरच्या नावाच्या कागदाचा कोपरा सुटला होता, तो ते अंगठ्याने दाबून बसवायला लागले.

फटीतून दोन डोळे त्या अंगठ्याकडे बघत राहिले. "कागदाला हात लावायची खोड अजून गेली नाही वाटतं," आवाज म्हणाला. मग साखळी खळ्ळकन पडली. "उंदऱ्या?"

पुढची पाच मिनिटं कोण काय बोललं ते बायकोलाही नीट सांगता येत नाही, आणि तिला एरवी सगळं आठवतं.

"तुम्ही बसा ना, आत्या," काका शेवटी डोळे पुसत म्हणाले.

"तुम्ही? अरे वा! मेल्यावर मान वाढतो वाटतं माणसाचा?"

"तुला कसं कळलं आम्ही तुला..."

"मी आले होते की दोनदा. बाबांनी दाराआडून सांगितलं, 'आमची मुलगी मेली.' तिसऱ्यांदा आले तर घरात दुसरीच माणसं." आत्याने भाचेसुनेच्या हातात चहाचा कप दिला. "पण तू मला शोधलंस कुठे?"

"मृत्यू-नोंदणीत. त्रेचाळीस वर्षं शोधली."

"मी इथे रोज तीन जिने चढतेय-उतरतेय, आणि हा मला मेलेल्यांत शोधतोय! बघितलंस गं? याची अक्कलही यानेच कुरतडून खाल्ली."

"मी रोज तेच सांगते, आत्या," बायको म्हणाली. दोघींचं तिथेच जमलं.

मधे एकदा आत्याने भावाचं विचारलं. काका म्हणाले, "बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली." तिने खिडकीकडे पाहिलं. "मेलेलीला कोण कळवणार म्हणा," एवढंच म्हणाली आणि चहात आणखी साखर घातली. मग काकांनी पिशवीतून शिक्क्यांचे पाच कागद काढून तिच्यापुढे ठेवले. तिने पहिला वाचला, दुसरा वाचला, आणि ती इतकी हसली की भाचेसुनेला तिची पाठ चोळावी लागली.

"सरकारी शिक्क्यानिशी जिवंत आहे मी! यातला एक मला दे. पेन्शनवाल्यांना दाखवते. दर वर्षी मेले विचारतात."

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुस्तक बांधून झालं. ब्याण्णवाव्या पानावर 'मृत्यू' या शब्दापुढे काकांनी काही लिहिलं नाही. शेवटच्या खेपेचा तो शिक्क्याचा कागद त्यांनी खळीने तिथे चिकटवला आणि कोपरे अंगठ्याने दाबले. दाबयंत्राचं चाक शेवटचं फिरवायला आत्या स्वतः आली. "जोर लाव, उंदऱ्या, नुसतं बघतोस काय," असं सांगत तिने ते अर्धं त्याच्याकडूनच फिरवून घेतलं. मग खाकी कव्हरावर तिने घराण्याचं नाव लिहिलं, तोच 'ळ' घालून. मुलीने फोटो काढला. रेकॉर्डकीपर जेवणाच्या सुट्टीत येऊन पुस्तक बघून गेले आणि शिवण तपासून "ठीक आहे" म्हणाले.

दुकान बंद झालं. आता काका दर मंगळवारी तीन जिने चढून आत्याकडे जातात. पहिल्याच मंगळवारी त्यांनी तिला गल्ल्याची आठवण करून दिली. "आठवतंय," ती म्हणाली, "पण आज सुट्टे नाहीत." पुढच्या मंगळवारीही नव्हते.

सव्वा रुपया अजून यायचा आहे.