फिजिक्सची जागा आणि दुसरी ब

एमएस्सी, बीएड झाल्यावर मला मुलाखतीचं पहिलं बोलावणं आलं ते कुरुदकडच्या एका खाजगी इंग्रजी शाळेतून. जागा फिजिक्सची होती. मला आनंद झाला आणि बाबांना काम मिळालं. ते पोलादाच्या प्लांटमधल्या रोलिंग मिलमधून नुकतेच रिटायर झाले होते. हाताखाली कोणीच उरलं नसल्यामुळे घरभर कासावीस फिरत असत. आता मी हाताखाली आले.

"इंटरव्ह्यू म्हणजे बोर्ड असते," ते म्हणाले. "बोर्डापुढं कसं बोलायचं ते मले विचार. प्रमोशन का असेच भेटले मले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हुडको कॉलनीतल्या आमच्या घरात बोर्ड बसलं. बाबा बनियनवर बुशशर्ट चढवून जेवणाच्या टेबलाशी बसले. बोर्डाच्या दुसऱ्या मेंबर म्हणून आई शेजारी मटार सोलत होती. मला फाइल घेऊन घराबाहेर काढण्यात आलं. मी बेल वाजवून "मे आय कम इन, सर?" म्हटलं.

"बाहेर वेट करा," आतून आवाज आला. "खऱ्या इंटरव्ह्यूत कोणी लगेच बोलवत नाही."

मी उन्हात उभी राहिले. समोरच्या आंटी गेटपाशी आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "बेटा, घर में झगड़ा हो गया क्या?"

"बाबा, मले ऊन लागून राहिलं!"

"सर म्हण," बाबा म्हणाले आणि दार उघडलं.

पहिलाच प्रश्न, स्वतःबद्दल सांगा. मी शाळा, कॉलेज, टक्के, आवड असं सगळं घोकलेलं म्हणून दाखवलं. बाबांचा चेहरा पडला. "यात वडिलांचं कावून काहीच नाही?"

"अन् आईचं?" आई म्हणाली. "इतके वर्षं डबा का बोर्डानं दिला?"

मग दोन्ही मेंबरांत वाद लागला आणि उमेदवाराला मटार सोलायला बसवण्यात आलं. आठवडाभर हे असंच चाललं. रोज संध्याकाळी बाबा माझ्याकडून भिंतीपुढं बल, म्हणजे फोर्सचा धडा, शिकवून घेत. आईनं साडीला इतका स्टार्च केला, की मी बसले की ती उभीच राहायची.

मुलाखतीला शाळेत गेल्यावर कळलं, की मुलांना त्या दिवशी सुट्टी आहे. डेमो क्लास मात्र होणार. प्रिन्सिपल मॅडम मला वर्गात घेऊन गेल्या. आठवीच्या बाकांवर शाळेच्याच टीचर बसल्या होत्या. "समझिए ये बच्चे हैं," मॅडम म्हणाल्या, "और जो भी पीछे बैठा है, वो भी." मागच्या बाकावर शाळेचे डायरेक्टर सर बसले होते. त्यांचा मुख्य धंदा सळई-सिमेंटचा होता.

मी "व्हॉट इज फोर्स?" लिहून वळले तेवढ्यात माझ्या आईच्या वयाच्या एका टीचरनं करंगळी वर केली. "मिस, टॉयलेट!" दुसरीनं तिसरीचा पेन ओढला आणि तिसरी भोकाड पसरून रडू लागली. खिडकीपाशी एक जण डोकं टेकून झोपली होती. ती नाटक करतेय की खरंच झोपलीय, हे शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही. वर्षानुवर्षं मुलांचं सोसलेलं सगळं त्या बाया मन लावून परत करत होत्या.

मी पेन परत द्यायला लावला, करंगळीवालीला जाऊ दिलं. कसाबसा वर्ग शांत होतोय तोच मागून खणखणीत आवाज आला, "अरे भाई, माल कल तक गिरना चाहिए!" डायरेक्टर सर फोनवर होते.

मी रोजच्या सरावाच्या भरात होते. तोंडातून निघून गेलं, "यू, लास्ट बेंच! स्टँड अप. फोन टेबलवर ठेवा."

प्रिन्सिपल मॅडमनी डोळे मिटून घेतले. पण सर खरंच उठले, फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन उभे राहिले. त्यांना बसा म्हणायची माझी हिंमत झाली नाही आणि स्वतःहून बसायची त्यांचीही नाही. बलाचे सगळे प्रकार त्यांनी उभ्यानं ऐकले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये करंगळीवाल्या टीचरनं माझा हात दाबला. "बेटा, नौकरी मिले न मिले, आज हमारा तो त्योहार हो गया."

ऑफिसात सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "डिसिप्लिन अच्छा है." मग प्रिन्सिपल मॅडम गोड हसून म्हणाल्या, की फिजिक्सची जागा खरं तर मागच्याच आठवड्यात भरली. दुसरी ब रिकामी होती. सगळे विषय, शिवाय गॅदरिंगचा डान्स. "डान्स तो आता ही होगा?"

येत नव्हता. मी हो म्हटलं.

घरी सांगितल्यावर बाबांनी विचारलं, "म्हणजे बोर्डानं फिजिक्सचं काहीच नाही विचारलं?"

"नाही."

"वडिलांचं?"

"नाही, बाबा."

आईनं देवापुढं साखर ठेवली. बाबांनी मात्र तासाभरात स्वतःला सावरलं आणि दुर्गच्या आत्याला फोन लावला. "हो, सिलेक्शन झालं. फिजिक्सच आहे तिचं. पण ते मुळापासून शिकवून राहिली ना, म्हणून दुसरीपासून सुरुवात."

जुलैत मी आतल्या खोलीत मोबाइलवर बघून मोराचा नाच शिकत होते. बाबा चहा घेऊन आले, दारातच थबकले. थोडा वेळ पाहिलं, मग म्हणाले, "मान अजून थोडी वर पाहिजे," आणि खुर्ची ओढून बसले.