समोरच्या दाराची किल्ली

“गॅस, नळ, किल्ली.” घराबाहेर पडताना आमच्या समोरच्या बाई हे तीन शब्द मोठ्याने म्हणायच्या आणि प्रत्येक शब्दाला एकेक बोट दुमडायच्या. तिसरं बोट दुमडलं की मगच दार ओढायच्या. ओढलं की आपोआप लागणारं लॅच होतं त्यांचं. एकदा मी माझ्या दारातून विचारलं, “आणि पृथ्वी फिरायची थांबली तर?” बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “ते माह्या हातात नाही न, सर.”

मी निवृत्त शिक्षक. आयुष्य पेठेत गेलं आणि म्हातारपणी वाघोलीच्या या इमारतीत येऊन पडलो. तिरकं बोलणं हा आपला स्वभावच आहे, असं मी अभिमानाने सांगत असे. तुमच्याही जिन्यात असा एखादा गृहस्थ असेल. लोक त्याच्या बोलण्याला हसतात, म्हणून तो सुधारत नाही.

बाई अमरावतीकडच्या. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून त्यांनी सारी नोकरी केलेली. मुलाने इथे फ्लॅट घेतला तेव्हा त्याच्याबरोबर आल्या. दोन वर्षांत त्याची बंगळूरला बदली झाली आणि बाई एकट्याच मागे राहिल्या. ‘रेक्टरबाई’ हे नाव मीच पाडलं आणि ते इमारतभर झालं. त्या ‘मले’ म्हणाल्या की मी ‘मला’ म्हणून दुरुस्तीही करत असे. त्या हसून सोडून द्यायच्या.

त्यांचं घर बघण्यासारखं होतं. चार ताटं, चार वाट्या, चार पेले. “पाचवा पाहुणा आला तर?” असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “तुमच्याकडून ताट आणीन न. तुमच्याजवळ तर ढीग हाय.” होताच ढीग. आमच्याकडे लग्नात आलेले डिनर सेट खोक्यांतून बाहेर निघालेले नव्हते. बाईंकडे डाळीच्या डब्यावर नावाबरोबर डबा भरल्याची तारीखही असायची. वर्षभर हात लागला नाही अशी वस्तू घराबाहेर जायची. “प्रत्येक वस्तूले तिचं घर पायजे. घर नसंन तर ती आपली नाही.”

दारामागे एक कापडी पिशवी टांगलेली असायची. तिच्यात टॉर्च, तीन दिवसांच्या गोळ्या, कागदपत्रांच्या झेरॉक्स, बिस्किटांचा पुडा आणि एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत फोन नंबर. “मोबाइल बंद पडला तर नंबर पाठ हायेत काय तुम्हाले?” त्यांनी विचारलं. मला माझ्या मुलीचाही नंबर पाठ नव्हता. मी म्हणालो, “आम्ही कबुतर पाठवू.”

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी माझ्या बायकोला एकदा सांगितलं होतं. “पोरगा म्हणते, आई, एकदा जरी काही झालं तर तू इकडं यायचं, मग ऐकणार नाही. मले माह्या घरात राहायचं हाय. म्हणून मी काही होऊच देत नाही.” बायकोने हे मला जेवताना सांगितलं. मी आमटी वाढून घेतली आणि दुसराच विषय काढला.

एका सकाळी बाई किल्ली घेऊन आल्या. किल्लीला प्लास्टिकचं लेबल, आत कागदावर त्यांचा फ्लॅट नंबर. “माही तुमच्याजवळ ठेवा, तुमची माह्याजवळ द्या. वेळ काय सांगून येते?” मी दिली. पुढच्या दोन वर्षांत मी तीनदा दार ओढून बाहेर अडकलो. तिन्ही वेळा माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत बाईंच्या हातात आमची किल्ली होती.

आणि त्यांच्या किल्लीचं मी काय केलं? सांगायला लाज वाटते, पण सांगतो. ते लेबल मला आवडलं. आतला कागद काढून टाकून मी ते माझ्या स्कूटरच्या किल्लीला लावलं. बाईंची किल्ली श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकली. त्या डब्यात आमच्या साऱ्या संसाराच्या किल्ल्या होत्या. विकलेल्या कपाटांच्या, मोडलेल्या कुलपांच्या आणि कशाच्या ते कोणालाच माहीत नसलेल्याही.

बाईंनी मध्ये एकदा विचारलं होतं, “माही किल्ली जागेवर हाय न, सर?” लिफ्टपाशी चारजण उभे होते. मी म्हणालो, “बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू का?” चौघं हसले. बाई हळूच म्हणाल्या, “एकदा दाखवता काय?” मी आवाज चढवला, “अहो, विश्वास नसेल तर परत घेऊन जा!” त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

तो दिवस आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. बायको मंडईत गेली होती, वाघोलीची भाजी तिला अजून पटलेली नाही. मी पेपर वाचत होतो. आमची न्हाणीघरं एकाच डक्टला लागून आहेत. तिथून धप्प आवाज आला आणि पाठोपाठ बाईंची हाक. “सर! मी पडली. उठता येत नाही. किल्ली घेऊन या.”

आवाजात घाबरलेपण नव्हतं. किल्ली आहे, सर आहेत, म्हणजे दोन मिनिटांत दार उघडेल, असा त्यांचा हिशेब असणार.

मी डबा जमिनीवर उपडा केला. तीस-चाळीस किल्ल्या पसरल्या. मूठभर उचलायच्या, समोरच्या दाराला लावून बघायच्या, परत यायचं, दुसरी मूठ न्यायची. लावून पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या पुन्हा एकत्र झाल्या. आतून बाई सांगत होत्या, “पिवळी हाय, सर. गोल डोक्याची.” गोल डोक्याच्या पिवळ्या अकरा होत्या आणि घाईत एकही फिरेना. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “लेबल हाय न तिले?” मी पुढची मूठ आणायला वळलो. त्यानंतर फक्त कण्हणं ऐकू येत होतं.

शेवटी वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या सुताराला मी बोलावून आणलं. त्याने पटाशी घालून लॅच तोडलं. तोवर पाऊण तास गेला होता. बाई ओल्या फरशीवर निळ्या पडलेल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. दारामागची पिशवी मी उचलली, पुठ्ठ्यावरच्या नंबरवरून ॲम्ब्युलन्स बोलावली, मुलाला फोन केला. रक्तगट, गोळ्यांची नावं, विम्याचा कागद, इस्पितळात मागितलेलं सगळं त्या पिशवीत निघालं. बाईंच्या व्यवस्थेत एकच वस्तू जागेवर नव्हती आणि ती माझ्याकडे होती.

मुलगा संध्याकाळी विमानाने आला. चांगला, सरळ मुलगा. आईच्या कपाळावरून हात फिरवून झाल्यावर त्याने विचारलं, “आई, काकांकडे स्पेअर की होती ना? मग पाऊण तास कसा लागला?”

मी खाटेच्या पायथ्याशी शहाळं घेऊन उभा होतो. माझ्या आधी बाईच बोलल्या.

“आतून कडी लावली होती मी. किल्लीनं काय होईन? चूक माहीच हाय.”

कडी नव्हती. मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं आणि सुताराला माहीत होतं. सुतार त्याच्या कामावर परत गेला होता.

मुलगा चिडला. “किती वेळा सांगितलं तुला, एकटी असताना कडी लावू नकोस? एवढं सगळं लिहून ठेवतेस आणि साधी गोष्ट लक्षात राहत नाही? आता बस झालं. तू बंगळूरला येतेयस.” आयुष्यभर शेकडो मुलींना शिस्त लावलेल्या त्या बाई पोराचं बोलणं मान खाली घालून ऐकत राहिल्या. त्यांची तयारी चोख होती, चुकलो मी, एवढं मी तिथे बोललो असतो तर कदाचित मुलाने वेगळा विचार केला असता. कदाचित नसताही केला. पण विसरभोळी म्हातारी म्हणून त्यांची रवानगी तरी झाली नसती. मी शहाळ्यात नळी घातली आणि त्यांच्या हातात दिलं.

घर आवरायला मुलाला एक दिवसही लागला नाही. आवरण्यासारखं होतंच किती! आमची किल्ली बाईंनी त्याच्याहाती परत पाठवली. डाळी वॉचमनच्या बायकोला गेल्या. चार ताटं कोणाला गेली, मला माहीत नाही.

निघताना बाई व्हीलचेअरवर होत्या. मुलाने माझे दोन्ही हात धरले. “काका, तुम्ही होतात म्हणून आई वाचली. तुमचे उपकार कसे फेडू?”

मी म्हणालो, “अहो, त्यात काय, शेजारधर्मच तो.”

हे माझ्या तोंडून गेलं. तोंडात अगदी तयार होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्या मुलाला म्हणाल्या, “सर फार धावले रे त्या दिवशी.” आणि लिफ्टचं दार लागलं.

खाली गाडीत व्हीलचेअर बसेना. ड्रायव्हरने ती उलटसुलट करून पाहिली, सामान उतरवून पुन्हा लावलं. बाई मागच्या सीटवर, काच खाली करून बसल्या होत्या. वीसेक मिनिटं गेली असतील. तीन जिने उतरून एक वाक्य बोलायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी गॅलरीत उभा राहून हात हलवत राहिलो.