परांची उतरण्याआधी

गवंड्याने दावा जिंकला होता. ठेकेदाराने बुडवलेली मजुरी द्यायची आणि दाव्याचा खर्चही सोसायचा, असा निकाल झाला. खर्च किती, ते न्यायालय मोजून ठरवणार होतं. तो भागवायला बायकोचं शिलाई मशीन विकलं होतं. ते परत आणल्याशिवाय गवंड्याला तिच्याकडे मान वर करून बघवत नव्हतं.

ठेकेदाराने अपील केलं. अपिलाचा निकाल लागेपर्यंत खर्चाची मोजणी थांबवा, असा अर्जही टाकला. नुसत्या अपिलाने मोजणी थांबत नाही. थांबवायची की नाही, ते न्यायाधीश ठरवतात. पण गवंड्याचाच वकील म्हणाला, थांबू दे, घाई काय आहे.

गवंड्याच्या मनात पाल चुकचुकली. आपला माणूस समोरच्याची री का ओढतो? पुढच्या तारखेला दोन्ही वकिलांनी एकाच काडीवर सिगारेट पेटवलेली गवंड्याने पाहिली आणि वहीत लिहिली. चाळीस वर्षं त्याने मजुरांची हजेरी लिहिली होती. वकिलाचीही न्यायालयातली प्रत्येक खेप, आल्यागेल्याची वेळ आणि दिलेले पैसे त्याच वहीत होते.

"अहो, मी जांभई दिली. तीही लिहा," बायको म्हणाली.

अर्जाच्या दिवशी ठेकेदाराचा वकील म्हणाला, अपिलात निकाल फिरला तर मोजणीची मेहनत वाया जाईल. न्यायाधीशांनी गवंड्याच्या वकिलाकडे पाहिलं. तो हरकत नाही म्हणायच्या बेतात होता, तेवढ्यात गवंडी उठला.

"साहेब, आमच्यात बांधकामाची बांबूची परांची उतरण्याआधी काम मोजतात. ती उतरली की वर कोण किती राबलं, ते कुणालाच सांगता येत नाही."

न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. मोजणी आत्ताच होईल, ठेकेदार पैसे भरेल, अपील त्याच्या बाजूने गेलं तर ते परत मिळतील.

मोजणीला गवंड्याच्या वकिलाच्या कागदांत अकरा खेपा निघाल्या. गवंड्याने पैसे मोजले होते एकोणीस खेपांचे. वकिलाने खाली बघत सांगितलं, "आठ पावत्या फाडायच्या राहिल्या, मिस्त्री. धांदल असते हो."

"एवढे राबलात आणि हजेरी नाही?" गवंड्याने वही पुढे सरकवली. मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्याने तारखा न्यायालयाच्या नोंदींशी ताडल्या आणि एकोणीस खेपा धरल्या.

महिन्याभराने मशीन घरी आलं. वकील विसराळू की लबाड, ते गवंड्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सिगारेटची ओळ त्याने खोडली नाही.