फाइल सर्व्हरचं पाहणी पथक

वऱ्हाडात तेव्हा पाहणी पथकांचा सुकाळ होता. पथक यायचं, कपाशीच्या बांधावर उभं राहून फोटो काढायचं, अहवाल लिहायचं आणि निघून जायचं. मी त्यांची मनसोक्त टिंगल करायचो. आणि अमरावतीच्या घरात पंख्याखाली बसून नेमकं तेच करायचो.

माझा विषय होता घरचा फाइल सर्व्हर. म्हणजे घरातले फोटो-व्हिडिओ सांभाळणारा, कायम चालू राहणारा कॉम्प्युटर. खरं तर मला एकच गोष्ट वाचवायची होती, बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ. बाबा गेल्यावर त्यांचा आवाज तेवढ्यातच उरला होता, आणि तो होता एका जुन्या, कटकट वाजणाऱ्या डिस्कवर.

कॉपी करायला दहा मिनिटं लागली असती. पण अभ्यासाशिवाय कॉपी करणं हे अडाण्यांचं काम! सर्व्हरवर सिस्टिम कोणती टाकावी, विंडोज की लिनक्स? लिनक्स, तर कोणतं? सहा महिने मी तक्ते केले. घरातला जुना कॉम्प्युटरही चालला असता, पण तो भंगारात देऊन मी वीज कमी खाणारी, कॉम्प्युटरचीच छोटीशी पेटी मागवली. सीडी ड्राइव्ह मुद्दाम टाळला. असली जुनाट वस्तू हवी कुणाला!

पेटी आली त्याच आठवड्यात, मे महिन्याच्या उन्हात, डिस्क गप्प झाली. अकोल्याच्या डिस्क दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं ती कानाशी धरली. "गेली, सर. दुसरी कॉपी हाये ना?"

माझ्यासारख्या अभ्यासू माणसाकडे कॉपी कशी असणार?

घरी आईला सांगताना मला रडू आलं. ती शांतपणे म्हणाली, "म्या फोटोवाल्याकडून सीडी करून घेतली व्हती. चांदूरले तुया मामाकडं हाये, बियाण्याच्या डब्यात."

पूर्वी ती निम्मं बियाणं घरी ठेवायची, निम्मं भावाकडे. आता बियाणं दुकानातून पाकिटात येतं, डबे रिकामेच असतात.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू अभ्यास करून राहिला व्हता ना."

माझ्या अद्ययावत पेटीत सीडी घालायला जागाच नव्हती. शेवटी चांदूर रेल्वेच्या सायबर कॅफेत आई, मामा आणि मी एका बाकावर दाटीवाटीनं बसलो. पडद्यावर पंगत दिसली. बाबा वाढप्यांवर खेकसत होते, "काहून उभे रायले रे? सारं तयार हाये, वाढा नं आता!"

आई हसत माझ्याकडे बघायला लागली. मी तिथल्या तिथे दोन कॉप्या काढून घेतल्या. कॉम्प्युटरवर कोणती सिस्टिम आहे, ते विचारलंसुद्धा नाही.