विहिरीपासून काठापर्यंत

"नदीनं न्हेलं न्हाई, भाऊ. ठिवलंय कुठंतरी."

असं म्हणून आक्का चष्म्याचा दोरा मानेमागे सारखा करायच्या आणि छत्री काखेत धरून निघून जायच्या. दर पावसाळ्यात आमच्या शेताचा एखादा लचका सिंदफणेत पडायचा, आणि दर वेळी आक्का हेच बोलायच्या. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, या वाक्याचा इतका राग यायचा की ते त्या दिवशी जेवायला बसताना ताट आपटायचे.

राग यायचं कारण सांगते. आमच्या गावाशी नदी वळते, आणि आमचं शेत वळणाच्या बाहेरच्या अंगाला. बाकीचं रान मुरमाड, पण नदीकाठी काळी माती आणि त्यात आजोबांनी खणलेली विहीर. जे काही पिकायचं ते तिथंच. नदी नेमकी तीच माती दरसाल कापायची. राहिलेल्या रानात वर्ष निघत नव्हतं, म्हणून दिवाळी झाली की आई-आबा कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे आणि घराला पितळी कुलूप लागायचं. सातवीपर्यंत मी त्यांच्याबरोबर फडावर जायचे. पुढं चकलांब्याच्या आत्यानं ठेवून घेतलं म्हणून बारावी झाले. मग आत्याच्या घरी सून आली, तिथं जागा उरली नाही. मी गेवराईच्या कॉलेजात नाव घातलं खरं, पण दिवाळीनंतर कुलूप लागलं की राहणार कुठं, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. आबांनी एक उत्तर काढलं होतं. त्यात एक स्थळ होतं.

तर अशा घरात आक्का यायच्या.

त्यांचं काम ऐकून तुम्हाला हसू येईल. आम्ही सगळे हसायचो. गावच्या पुलाच्या खांबावर पाण्याची उंची मोजायला पट्टी रंगवलेली होती. ती पाहून वहीत लिहायची, एवढंच सरकारी काम. आधी त्यांचे मालक करायचे, ते गेल्यावर त्यांच्याकडं आलं. मालकांचं चावीचं घड्याळ मनगटात सैल फिरायचं, पण सकाळी आठ म्हणजे आठ. पावसाळ्यात नदीला पाणी असायचं तेव्हा ठीक. पण माघापासून नदीत नुसते गोटे तापत पडायचे, तरी आक्का आठला हजर. कोरड्या पात्रात उतरायच्या, पट्टीकडं बघायच्या, वहीत लिहायच्या : कोरडी.

पुलावरची पोरं विचारायची, "आक्का, आज किती कोरडी?"

"कालच्याहून एक दिवस जास्त."

एकदा आईनंच विचारलं, "आक्का, कावून एवढा ताप करून घेता? घरी बसून लिहा की कोरडी."

"न्हाई गं बाई. माणूस घरात निजून असलं तरी इचारपूस करतोच ना आपण?"

आबांचं मात्र नदीपेक्षा पलीकडच्या काठाच्या शेतकऱ्याशी वैर होतं. आमची माती पडायची आणि त्याच्याकडं वाळूचं, गाळाचं नवं रान तयार व्हायचं. आबा काठावर उभं राहून ओरडायचे, "काय बे, माझं रान नांगरतो का?" तो तिकडून म्हणायचा, "तुझं आसंल तर न्हे की उचलून!" नदीला पाणी असलं की हे भांडण मोठ्या आवाजात चालायचं, कोरडी असली की बोलता बोलता दोघं पात्रात उतरायचे आणि तंबाखू मळायचे. पण वैर ते वैर.

आता आबांची चूक सांगते. बापाची चूक सांगायला जड जातं, पण ती आमच्याकडं घरोघर होते. काठावर पूर्वी निरगुडीची आणि बाभळीची दाट जाळी होती. रान कमी व्हायला लागलं तशी आबांनी ती जाळी तोडली आणि अगदी कडेपर्यंत नांगर घातला. नदी दोन ओळी नेते, तर आपण दोन ओळी जास्त पेरायच्या, असा हिशेब. त्या सालापासून काठ ढेकळासारखा सुटायला लागला.

हे आम्हाला आक्कांनी दाखवलं. मी कॉलेजात नाव घातलं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्या जुनी वही घेऊन ओट्यावर आल्या. वहीची मागची पानं उघडली. पाण्याच्या नोंदी पुढच्या पानांवर. मागं त्या दर दिवाळीला आमच्या विहिरीपासून काठापर्यंत किती पावलं भरतात ते लिहीत आल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. जाता-येता त्यांना ते मोजावंसं वाटलं, म्हणून.

मी वाचून दाखवलं. निरगुडी होती तोवर सालाला एक पाऊल, कधी तेही नाही. निरगुडी तोडल्यावर चार. मग पाच. मग सहा. शेवटचा आकडा होता तेहेतीस.

"आजून पाच-सहा सालं," आक्का म्हणाल्या. "मंग हीर जाती."

आबांनी वही आपल्याकडं ओढली.

"दहा पावलं सोडा काठाची. नांगरू नगा. निरगुडी लावा, बाभळ येईल तिला येऊ द्या. काठ उभा हाय, त्याला उतार द्या."

आबा उठूनच उभे राहिले. "लई झालं, आक्का! तिनं खाल्लं त्ये कमी हाय का? आता आपल्या हातानं ताट वाढू तिला?"

"खाल्लं न्हाई भाऊ, ठिवलंय."

"कुठं ठिवलंय? दावा ना! लई सालं ऐकतोय."

आक्कांनी चष्मा सारखा केला. "चला मंग. येत्या रविवारी. आठची नोंद झाली की नऊची गाडी हाय."

अशी आमची सहल निघाली. आपलं हरवलेलं रान शोधायला एस.टी.चं तिकीट काढणारा माझ्या माहितीतला आबा हा एकटाच माणूस.

आधी वर गेलो, पाटोद्याकडच्या डोंगरात. पुढं जीप, पुढं पायी. दुपारच्या उन्हात आक्कांनी एका कपारीखाली ओल दाखवली. ओलच ती, पाणीसुद्धा नाही. आबांनी एक टांग टाकून नदी ओलांडली आणि तसेच मागं वळून बघत राहिले.

"ही? ही खाती माझं रान?"

"हीच. आजून तरनी हाय," आक्का म्हणाल्या. "हितं ती खाली खणती. बघा, घळ कशी अरुंद अन् खोल हाय. बाजूला बघायला तिला सवड न्हाई." मग एक दगड उचलून आबांच्या हातात दिला. "बोट फिरवा. कोपरा लागतोय?"

लागत होता. आबांनी तो दगड पिशवीत टाकला. का टाकला ते त्यांनाही ठाऊक नसेल. घरी आल्यावर त्यांनी तो आमच्या काठावरच्या गुळगुळीत गोट्याशेजारी ठेवला आणि बराच वेळ दोघांकडं बघत बसले.

परतीच्या गाडीत एका वळणावर आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर आपटलो. आक्कांनी लगेच संधी साधली. "भाऊ, गाडी वळली की माणसं कुणीकडं फेकत्यात?"

"भायेरच्या अंगाला."

"पाण्याचं बी तसंच. जोर भायेर. सपाटीला आली की नदीला खाली खणायचं काम न्हाई उरत, मंग ती बाजूला खणती. तुमी भायेर हायेत. आतल्या अंगाला पाणी मंद, तिथं हातातलं खाली ठिवती. पलीकडच्यानं काय चोरलं न्हाई तुमचं."

आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तरी बी त्यो हासतो."

दुसऱ्या रविवारी खाली, नदीवरच्या धरणाकडं गेलो. धरणाचं पाणी उन्हाळ्यानं मागं सरलं होतं आणि उघड्या पडलेल्या काळ्या गाळात लोकांनी खरबुजं लावली होती. मैलभर नुसता गाळ. ना गोटा, ना खडा. आबांनी वाकून मूठ भरली, चुरली, वास घेतला. आपल्या मातीचा वास शेतकऱ्याला कळतो की नाही, मला ठाऊक नाही. त्यांचा चेहरा मात्र ओळखीचं माणूस भेटल्यासारखा झाला.

तिथं एक बाई वेल निवडत होती. तिनं आम्हाला सावलीला बसवलं आणि एक खरबूज फोडून पुढं ठेवलं.

आक्कांनी मुद्दाम विचारलं, "गाळ लई चांगला दिसतोय, बाई."

"चांगला? आवं, सोनं हाय! दरसाली वरनं येतो. कुणाचा हाय, कुठला हाय, काय ठावं. दिवा लावताना म्हणते मी, वरच्या गावांचं भलं होऊ दे म्हणून."

आबांच्या हातातली फोड तोंडापाशी थांबली. इतकी वर्षं आपलं वाटोळं झालं म्हणून ते नदीला शिव्या देत होते, आणि इथं एक अनोळखी बाई रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी हात जोडत होती. त्यांनी फोड खाल्ली. सावकाश. मग म्हणाले, "गोड हाय." बिया थुंकल्या नाहीत, रुमालात बांधल्या.

धरणाच्या खाली सिंदफणा गोदावरीला मिळते, तिथंही गेलो. आबांनी विचारलं, "अन् ह्याच्या म्होरं?"

"म्होरं समिंदर. म्हातारी झाली की नदीच्यानं काय उचलत न्हाई. समदं तिथं ठिवून देती म्हणं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "त्ये म्या बी न्हाई बघितलं. तू बघून ये, पोरी."

परतीच्या गाडीत आबा गेवराई येईपर्यंत बियांच्या रुमालाची गाठ चाचपत बसले. गाव आलं तसं म्हणाले, "आक्का, किती पावलं म्हणला तुमी?"

"दहा."

आम्ही काठाला उतार दिला आणि निरगुडीच्या काड्या खोचल्या. गाव हसलं. पलीकडचाही हसला, पण दोन दिवसांनी स्वतःच्या बांधावरच्या निरगुडीच्या काड्यांचा भारा घेऊन आला. भाद्रपदात मोठा पूर आला. पाणी उतरल्यावर आक्कांनी पावलं मोजली, आम्ही सगळे मागं.

"एकतीस," त्या म्हणाल्या. काड्या अजून कोवळ्या होत्या, म्हणून दोन गेली.

त्या दिवाळीला आई-आबा तोडीला गेलेच. एका पावसात दिवस पालटत नसतात. पण जायच्या आदल्या दिवशी आक्का आल्या आणि आबांना म्हणाल्या, "स्थळाला कळवा, पोरगी शिकतीय म्हणून. माझ्याकडं राहील. मला आता पट्टीवरचा आकडा धड दिसत न्हाई." त्यांना आकडा चांगला दिसायचा. पुलावरून जाणाऱ्या पोराच्या चपलेचा तुटलेला अंगठा दिसायचा त्यांना. पण आबांनी मान हलवली आणि मी कॉलेजात राहिले.

तिथं एके दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं : नदीचे कार्य – खनन, वहन, संचयन. मला हसू आलं. सरांनी उभं केलं. मी म्हणाले, "सर, हे मला माहिती आहे. आमच्या आक्का तिसऱ्याला 'ठिवती' म्हणतात." वर्ग हसला, सर नाही हसले. त्यांनी संचयनच्या खाली कंसात तो शब्द लिहिला.

शेवटच्या वर्षी भूगोलाची सहल गोदावरीच्या मुखाशी गेली. नदी कुठं संपते आणि समुद्र कुठं सुरू होतो ते मला काही ठरवता आलं नाही. सगळा सपाट गाळ, आणि त्यातून नदीचे फाटे फुटलेले. मी चिवड्याचा डबा रिकामा केला आणि त्यात मूठभर गाळ भरला.

आक्कांनी ओट्यावर बसून डबा उघडला. वास घेतला. डोळे मिटून पुन्हा घेतला.

"हाय. आपली हाय."

"खरंच, आक्का?"

"धरणातनं सुटून एवढ्या लांब गेली, मंजे लई हट्टी. तुझ्याच घरातली दिसती." मग पुन्हा वास घेऊन म्हणाल्या, "थोडी पलीकडच्याची बी हाय."

आम्ही काठावर गेलो. त्यांनी तो गाळ निरगुडीच्या बुडाशी ओतला आणि हातानं थापला.

पुढं पुलावर सौरपाटी लावलेलं यंत्र आलं आणि त्यांचं काम संपलं. तरी त्या आठला जायच्याच. म्हणायच्या, "ते यंत्र हापिसाला सांगतं. नदीला कोन इचारतंय?" एका चैत्रात त्या वारल्या, नेकनूरला माहेरी गेल्या होत्या तिथंच. भाचा सामान न्यायला आला तेव्हा जुनी वही आमच्या ओट्यावर ठेवून गेला. वर त्यांनीच लिहिलं होतं : भाऊंना देणे.

आता सकाळी आठला आबा जातात. विहिरीपासून निघतात, तोंडानं मोजत, निरगुडीच्या जाळीपाशी थांबतात. मग पलीकडच्याला ओरडून आकडा सांगतात, तोही हात वर करतो.

पहिल्या पुरात दोन पावलं गेली, त्यानंतर एकही नाही. विहीर आहे. तिच्या पाण्यावर भाजी होते, उन्हाळ्यात आबांनी राखलेल्या बियांची खरबुजं होतात. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. आणि सलग नऊ वर्षं दिवाळीनंतर आमच्या घराला कुलूप लागलेलं नाही.