पहिला पीस

पीस तळहातावर घ्यायचा, ट्यूबलाइटखाली धरून फिरवायचा, मापाचं गेज लावायचं, आणि अंगठा वर नाहीतर खाली. मधलं काही नाही. चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात सगळ्यांचे काका क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला होते आणि सगळ्या जगाकडंच ते असं बघायचे. कँटीनचा चहा प्याले की अंगठा. नवा मॅनेजर आला की अंगठा, अर्थात टेबलाखालून. कुणी आढेवेढे घेत बोलायला लागलं की म्हणायचे, "पुराण नको. पास का रिजेक्ट?"

असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. पण त्यानं अंतराळातली कादंबरी लिहिली नसेल.

आमच्या काकांनी लिहिली. किशोरवयीन मुलांसाठी, स्वतःच छापून घेतलेली. गंगापूरची पंधरा वर्षांची रेवा चुकून एका यानात अडकते आणि थेट शनीपाशी पोचते. शेवटच्या पानावर इंधन संपतं, पोरगी कड्यांजवळ एकटी, आणि पुस्तक खलास! पुढचा भाग लिहायचा का नाही, हे ठरलेलंच नव्हतं. मशीनवर नवं काम लागलं की पहिला पीस क्वालिटीकडं येतो आणि तो पास झाल्याशिवाय पुढचा माल चालू करत नाहीत. काकांनी तोच नियम पुस्तकाला लावला. "हा पहिला पीस. तुम्ही लोकांनी पास केला, तर रेवाला खाली आणतो. नसेल जमला तर तसं सांगा, विषय बंद."

म्हणजे बघा, त्या पोरीचा जीव आमच्या अंगठ्यावर!

आणि आम्ही काय म्हणालो? "बरंय." "छान आहे की." स्टोअरवाला म्हणाला, "मुखपृष्ठ लई भारी." आमच्या कंपनी बसचे ड्रायव्हर सलीमभाई म्हणाले, "अच्छी है काका. थोडी मोटी है." काकांच्या बिल्डिंगमधल्या दहावीतल्या मुलीनं तर पुस्तक नीट कव्हर घालून परत दिलं. म्हणाली, "छान आहे काका. पण यानात एवढ्या भाकरी कशाला?"

काका पार चक्रावले. त्यांना शिवी चालली असती. बसमध्ये माझ्या शेजारी बसून विचारायचे, "बरंय म्हणजे काय हो? हा कुठला शेरा? असा पीस मी कुठं ठेवू?"

मी तरी काय सांगणार? मी दोनदा वाचली होती. मध्ये जांभया आल्या. रेवा डब्यातलं पीठ ओलं करून खिडकीच्या काचेवर आपलं घर काढते, तिथं पान उलटवेना. आणि लगेच पुढं इंजिनाचं वर्णन, संपता संपेना. आवडली म्हणवत नव्हतं, नाही आवडली असंही म्हणवत नव्हतं. मी सुरुवात करायचो, "काका, चांगली आहे, म्हणजे..."

"आलं तुमचं म्हणजे!" असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायचे. पुढं पुढं त्यांनी विचारणंच सोडलं. मला त्यांचा राग यायचा, वाईटही वाटायचं, आणि कशाचं ते काही केल्या कळायचं नाही.

काका रिटायर झाले त्या संध्याकाळी ते शाल-नारळ घेऊन नेहमीच्या सीटवर बसले होते. उस्मानपुरा आला तसे उठले. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, ती पोरगी परत येते का हो?"

ते दांडा धरून तसेच उभे राहिले. "कोण?"

"रेवा. घरी येते का नाय?"

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही कुठं पास केलंय?"

"ते मला माहीत नाही. पण ती तिकडंच एकटी राहिली, तर माझ्या जिवाला बरं वाटत नाही."

काका परत सीटवर बसले. सलीमभाईंनी हाक मारली, "काका, उस्मानपुरा!"

"चलू द्या," काका म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपला स्टॉप सोडला. शेवटच्या स्टॉपपर्यंत सांगत राहिले. रेवा कड्यांमधला बर्फ गोळा करते, त्याचं इंधन बनवते, आणि जायकवाडी धरणाच्या फुगवट्यात यान उतरवते, बरोबर गंगापूरच्या बाजूला. हातवारे असे, की मांडीवरचा नारळ खाली गडगडला.

"कोणत्या महिन्यात?" मी विचारलं.

"मे. परीक्षा झाल्यावर."

"अहो काका, मे महिन्यात तिथं पाणी कुठं असतंय? चिखलात आपटंल की पोरगी!"

काकांचा चेहरा आधी उतरला, मग एकदम उजळला. "व्हय की! बरं झालं बोललात. महिना बदलावा लागंल. पार शनीपासून हिशेब बदलावा लागंल." नारळ काखेत मारून ते उतरले आणि परतीची रिक्षा बघायची सोडून बोटांवर महिने मोजत चालायला लागले. शालीचं एक टोक रस्त्यावर लोळत होतं.

त्याच पावसाळ्यात काका गेले. झोपेतच. नंतर काकूंना भेटायला गेलो, तेव्हा विचारलं, लिहीत होते का?

"रोज बसायचे," काकू म्हणाल्या. "कधी म्हणायचे श्रावणात उतरवतो, कधी दिवाळीत. त्यांचं काही ठरेचना बघा."

पुस्तक कसं आहे, ते मला आजही सांगता येत नाही. पण गंगापूरकडं जाताना जायकवाडीचं पाणी पोचतं त्या कायगावच्या पुलाशी मी गाडी थांबवतो. बायको विचारते, काय बघताय? पाणी किती आहे, तेवढंच बघतो. तुडुंब असलं की उगाच हायसं वाटतं. उन्हाळ्यात नदीचा तळ उघडा पडलेला दिसला, की वर बघून मनातल्या मनात म्हणतो, अगं, आत्ता नको. थोडी थांब.