हौसामावशींचा पाझर चर

हौसामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात मुलाकडे होते. त्यांची सून सुनंदा बोलत होती. "बाई, आत्याबाई गेल्या. सकाळी दळण निवडत बसल्या व्हत्या, तितंच मान टाकली..." मी मळवलीला पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. आता महिना उलटून गेलाय, पण आमच्या कुंपणाकडे नजर गेली की मावशी तिथं वाकून काहीतरी उपसतायत असंच वाटतं.

मी आणि माझे यजमान, दोघंही तळेगावातले शिक्षक. निवृत्तीनंतर मळवलीत उतारावर घर बांधलं, अंगणभर फरशी घातली. खाली कोणाचं घर आहे, आपल्या छपराचं पाणी कुठं जाणार, याचा विचार दोघांनीही केला नाही. पहिल्याच आषाढात प्लॅस्टिकची खोळ पांघरलेली एक बाई फाटकात येऊन उभी राहिली. त्याच हौसामावशी. "बाई, तुमचं पानी आमच्या चुलीत आलंय. जरा बघाया या." आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. खाली जाऊन पाहिलं, तर स्वयंपाकघरात घोटाभर चिखल. यजमान ओशाळून म्हणाले, "पाइप टाकून पाणी रस्त्याकडे काढून देतो." मावशी म्हणाल्या, "मंग ते रस्त्याखालच्या घरात शिरंल. तुमच्याच जमिनीत मुरवा की, सर."

त्या दिवाळीनंतर कुंपणालगत, उताराला आडवा पाझर चर खणला. कमरेइतका खोल, तळाशी मोठे दगड, वर खडी, आणि पाणी आत शिरतं तिथं गाळ अडवायला एक छोटा खड्डा. यजमान कागदावर आखणी करायचे. मावशींचा जन्म भातखाचरांत गेलेला, त्या नुसतं बघून सांगायच्या, "हितं चढ हाय, सर. पानी न्हाई यायचं." आणि पाणी खरंच यायचं नाही.

चर झाला, काम संपलं, अशी आमची समजूत. मावशींनी ती टिकू दिली नाही. दर वैशाखात त्या पदर खोचून वर यायच्या. गाळाचा खड्डा उपसायचा, वरची खडी काढून धुवायची, मध्येच उगवलेली रोपं मुळांसकट ओढून काढायची. मग चरात कळशीभर पाणी ओतून त्या उकिडव्या बसायच्या. पाणी झरकन खाली गेलं की म्हणायच्या, "पितोय." रेंगाळलं, तर पुन्हा खडी बाहेर! यजमान कुरकुरायचे, पण त्या दिवसाची वाट सगळ्यांत जास्त तेच बघायचे.

ते गेले त्या वर्षी मी दार लावून बसले. मावशी दोनदा आल्या आणि दोनदा परत गेल्या. मला जरा बरं वाटावं म्हणून मुलानं माळी बोलावला. त्यानं चरावर माती पसरून हिरवळ लावली. मी खिडकीतून बघत होते... नको म्हणायचंही सुचलं नाही. आषाढात आठ दिवस झड लागली. उघडीप झाल्यावर मी खाली गेले, तर मावशींच्या ओसरीवर, खाटेवर, जुन्या लुगड्यांवर भिजलेलं भात पसरलेलं. वर्षभर खायचं भात. आंबूस वास सुटलेला. मला एकदम सगळं कळलं.

"मावशी, सांगितलं का नाहीत?"

त्या हातानं भात हलवत राहिल्या. "तुमचं दुःख ताजं व्हतं, बाई. त्यात आमचं भात कुटं सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिरवळ उचकटायला घेतली. हाताला फोड आले. थोड्या वेळानं मागून फावड्याचा आवाज आला. मावशी शेजारी येऊन कामाला लागल्या होत्या. तीन दिवस आम्ही दोघींनी पावसात भिजत गाळ उपसला. तिसऱ्या दिवशी त्यांनी आणलेली भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी मी पोटभर खाल्ली... यजमान गेल्यानंतर पहिल्यांदाच.

यंदाच्या वैशाखात गुडघे धरले होते, तरी त्या आल्या. पायरीवर बसून माझ्याकडून सगळं करून घेतलं. ती शेवटची भेट.

परवा जोराचा पाऊस लागला. मी आधी चर बघायला गेलेच नाही, छत्री घेऊन तडक खाली गेले. सुनंदा चहा टाकत होती. चुलीजवळ मावशींचा पाट होता. बसून बसून मधोमध खोलगट झालेला. त्या गेल्यापासून त्यावर कोणी बसलेलं नव्हतं. सुनंदानं पदरानं तो पुसला आणि माझ्याकडे सरकवला.

"बसा, बाई," ती म्हणाली. "समदं कोरडं हाय."